जुना प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ग्राफिक्स कार्डं लावलेला गेमिंग पीसी अजून बऱ्याच जणांकडे आहे. कोणी तो एसएलआय (एनव्हिडियाची) आणि क्रॉसफायर (एएमडीची) या दोन कार्डं एकत्र राबवायच्या पद्धतींच्या ऐन भरात बांधला, कोणाला जोडीचं दुसरं कार्ड नंतर स्वस्तात मिळालं. प्रोसेसर मात्र तोच, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. मग एखादा नवा गेम हवा तसा चालत नाही आणि शंका येते ती थेट प्रोसेसरवर. ती शंका कधी खरी असते, कधी खोटी, आणि पैसे घालण्याआधी ती घरच्या घरी कशी तपासायची, हे खाली प्रश्नोत्तरांत लिहिलं आहे.

जुन्या प्रोसेसरमुळे दोन कार्डं अडून राहतात का? हो की नाही, एवढंच सांगा.

अडतात, पण नेहमी नाही आणि सगळ्या गेममध्ये नाही. कुठल्याही दृश्यात प्रोसेसरची एक मर्यादा असते: सेकंदाला इतक्याच फ्रेम्स (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) तो तयार करून पुढे देऊ शकतो. कार्डांची मर्यादा वेगळी असते. या दोन्हींतली जी कमी, तितक्याच फ्रेम्स तुम्हाला पडद्यावर दिसतात. दुसरं कार्ड लावलं की कार्डांची मर्यादा वर जाते, प्रोसेसरची जिथे होती तिथेच राहते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे एकाऐवजी दोन पोहरे सोडले म्हणून आडातलं पाणी वाढत नाही.

म्हणून आधी ठरवा की तुम्हाला किती फ्रेम्स हव्यात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४के रिझोल्यूशनला खेळणारा आणि १४४ हर्ट्झवर १०८०पीला खेळणारा, दोघांकडे अगदी तेच यंत्र असलं तरी एकाचा प्रोसेसर पुरेल आणि दुसऱ्याचा पुरणार नाही.

चित्र तर कार्ड काढतं. मग मध्ये प्रोसेसरचं काय काम?

प्रत्येक फ्रेमच्या आधी गेमचं जग एक पाऊल पुढे सरकवावं लागतं. कोण कुठे उभं आहे, शत्रू काय ठरवतोय, गोळी भिंतीला लागली की माणसाला, कॅमेऱ्याच्या टप्प्यात कुठल्या वस्तू येतात, हे सगळं प्रोसेसर करतो. त्यानंतर ‘ही भिंत काढ, हा दिवा काढ, या माणसाची सावली काढ’ असे हुकूम एकेक करून ग्राफिक्स ड्रायव्हरमार्फत कार्डाकडे जातात. यांना ड्रॉ कॉल म्हणतात. गर्दीच्या दृश्यात एका फ्रेममागे असे हजारो हुकूम निघतात.

डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा. त्याच्या ११ आणि त्याआधीच्या आवृत्तींवरच्या गेममध्ये या हुकमांचा मोठा भाग बहुधा एकाच थ्रेडवरून, म्हणजे कामाच्या एकाच रांगेतून, जातो. म्हणजे प्रोसेसरला कोअर चार असोत की आठ, त्यातला एक कोअर दमला की सगळी रांग थांबते. जुना प्रोसेसर मागे पडतो तो मुख्यतः इथे, कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरच्या वेगात.

दोन कार्डं असली की प्रोसेसरवरचा भार वाढतो का?

वाढतो, आणि तो का वाढतो हे समजलं की बाकीची उत्तरं आपोआप सुटतात. एसएलआय आणि क्रॉसफायर बहुतेक गेममध्ये पाळीपाळीने काम करायचे: पहिली फ्रेम पहिल्या कार्डाकडे, दुसरी दुसऱ्याकडे, तिसरी पुन्हा पहिल्याकडे. या पद्धतीला एएफआर म्हणतात. दोन्ही कार्डांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून प्रोसेसरला तेवढ्याच वेळात दुप्पट फ्रेम्सची तयारी करून द्यावी लागते. शिवाय दोन कार्डांचा ताळमेळ ठेवायचं थोडं जास्तीचं काम ड्रायव्हरकडे येतं, आणि ड्रायव्हर चालतो तो प्रोसेसरवरच.

आकडे घालून पाहू. समजा एका दृश्यात तुमचं एक कार्ड एका फ्रेमला २० मिलिसेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम्स. दोन कार्डांनी पाळी लावली तर कागदावर १०० व्हायला हव्यात. आता प्रोसेसर एक फ्रेम १२ मिलिसेकंदांत तयार करत असेल, तर त्याची मर्यादा साधारण ८३. दुसऱ्या कार्डाने तुम्हाला ५० वरून ८३ वर नेलं. पूर्ण दुप्पट नाही, पण मजबूत फायदा आहे. तोच प्रोसेसर जुना असून १८ मिलिसेकंद घेत असेल, तर मर्यादा ५५. दुसऱ्या कार्डाने एवढी वीज खाऊन, एवढी उष्णता ओकून दिल्या फक्त पाच फ्रेम्स.

या शेवटच्या स्थितीत कार्डं कशी दिसतात तेही पाहा. प्रत्येक कार्डाच्या वाट्याला ३६ मिलिसेकंदांतून एकदा काम येतं आणि त्यातली २० मिलिसेकंदच ते राबतं. म्हणून वापराचा आकडा दोन्हींवर ५५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘जुना’ म्हणजे नेमका किती जुना?

वर्षापेक्षा पिढी महत्त्वाची. मी ढोबळमानाने असं धरतो.

कोअर २ क्वाड, म्हणजे २००७ च्या क्यू६६०० चं घराणं, आणि एएमडीचे फेनम २: या प्रोसेसरांवर दोन मध्यम कार्डंही त्यांच्याच काळातल्या गेमपुरती शोभतात. यांच्यात एव्हीएक्स ही सूचनांची जोडच नाही, त्यामुळे ती मागणारे नवे गेम सुरूच होत नाहीत. तिथे फ्रेम्सचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला कोअर आय७-९२० यापेक्षा कितीतरी तगडा निघाला. त्याच्या एक्स५८ मदरबोर्डवर दोन कार्डांना पूर्ण १६-१६ लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) मिळायच्या, म्हणून एसएलआयवाल्यांचा तो लाडका होता. याच सॉकेटमध्ये पुढे सहा कोअरचे झिऑन एक्स५६५० सारखे प्रोसेसर बसवून कित्येकांनी यंत्राला दुसरा जन्म दिला. एव्हीएक्स मात्र यातही नाही.

जानेवारी २०११ चे आय५-२५००के आणि आय७-२६००के हे खरं तर या पानावरचे मुख्य पाहुणे. सर्वाधिक प्रश्न यांच्याबद्दलच येतात. ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे मूळ वेगापेक्षा वर चालवलेला, २५००के आपल्या काळातल्या गेममध्ये दोन कार्डांना ६० फ्रेम्सपर्यंत सहज पोसायचा. त्याचं दुखणं नंतरच्या गेममध्ये दिसतं: चार कोअर आणि चारच थ्रेड. मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये चारही शंभर टक्क्यांवर जातात. आठ थ्रेडचा २६००के याच जागी बराच जास्त तग धरतो.

एएमडीचे एफएक्स, २०११ चा ८१५० आणि २०१२ चा ८३५०, आठ कोअरचे म्हणून विकले गेले. पण त्यांच्यात दोन-दोन कोअरमध्ये एक फ्लोटिंग पॉइंट युनिट सामाईक आहे आणि एकट्या कोअरचा वेग त्याच काळातल्या इंटेलपेक्षा कमी. डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये दोन कार्डांसमोर हे प्रोसेसर लवकर हात टेकतात.

२०१४ चा आय७-४७९०के आणि त्यापुढचे चार कोअर-आठ थ्रेडवाले दोन कार्डांच्या सुवर्णकाळातल्या गेमसाठी आजही पुरतात. तिथे प्रोसेसरवर खापर फोडण्याआधी दुसरी कारणं शोधा.

रिझोल्यूशन वाढवलं तर बॉटलनेक, म्हणजे प्रोसेसरचा अडसर, जातो, हे खरं का?

आकड्यांपुरतं खरं. १०८०पीला पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीला ३६.९ लाख आणि ४केला ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. पिक्सेल रंगवायचं काम कार्डाचं. प्रोसेसरला त्या दृश्यातली माणसं आणि वस्तू तितक्याच हाताळायच्या असतात, मग पडदा केवढाही असो. म्हणून वरच्या उदाहरणातलं कार्ड ४केला एका फ्रेमला ५० मिलिसेकंद घेऊ लागलं, तर दोन मिळून सेकंदाला ४० फ्रेम्स देतील आणि १८ मिलिसेकंदांचा प्रोसेसर आरामात त्यांच्या पुढे धावेल. अडसर कार्डांकडे सरकला.

पण बॉटलनेक ‘गेला’ याचा अर्थ खेळ सुधारला असा नाही. फ्रेम्स ५५ वरून ४० वर आल्या आहेत. जुन्या प्रोसेसरचे मालक दोन कार्डांवर ४के किंवा तीन मॉनिटर चालवून समाधानी असतात ते याच कारणाने: रिकामी बसलेली ताकद त्यांनी चित्राच्या स्पष्टतेकडे वळवलेली असते. तुमच्याकडे मोठा मॉनिटर असेल तर हा उत्तम मार्ग आहे. फ्रेम्सच वाढवायच्या असतील तर याने काही साधत नाही.

माझ्या यंत्रात अडसर प्रोसेसरचाच आहे, हे कसं ओळखू?

इथे घाई करू नका. तासाभराचं काम आहे आणि यातूनच तुमचे पैसे वाचणार आहेत.

आधी व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि गेममधली फ्रेम मर्यादा बंद करा. ती चालू राहिली तर कार्डं ६० फ्रेम्सवर मुद्दाम थांबतात आणि आकडे पाहून तुम्ही भलताच निष्कर्ष काढता. मग एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही आकडे दाखवणारी सॉफ्टवेअरं लावा. पडद्याच्या कोपऱ्यात या गोष्टी दिसू द्या: दोन्ही कार्डांचा वापर वेगवेगळा, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वापर, फ्रेम्सची संख्या आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख.

आता गेममध्ये तुम्हाला जिथे सर्वांत जास्त त्रास होतो तिथे जा, गेम सेव्ह करा आणि हालचाल न करता उभे राहा. आकडे लिहून घ्या. फक्त रिझोल्यूशन उतरवा, १०८०पीवरून ७२०पी, बाकी एकही सेटिंग हलवू नका. त्याच सेव्हवरून त्याच जागी परत उभे राहा. फ्रेम्स जवळपास तेवढ्याच राहिल्या तर अडसर प्रोसेसरकडे आहे. भरघोस वाढल्या तर कार्डांकडे.

दुसरी चाचणी: ड्रायव्हरमधून एसएलआय किंवा क्रॉसफायर बंद करून तीच जागा पाहा. एका कार्डावरही तेवढ्याच फ्रेम्स आल्या तर दुसरं कार्ड त्या गेममध्ये नुसतं बसून आहे.

तिसरी चाचणी उलट्या बाजूची. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. प्रोसेसरचा क्लॉक (कामाचा वेग) खाली येतो. फ्रेम्स त्याच प्रमाणात कोसळल्या तर प्रोसेसरवरच सगळं टांगलेलं आहे, यात शंका नको. नंतर सेटिंग परत १०० वर न्यायला विसरू नका.

माझ्याकडे आय५-२५००के आणि दोन जीटीएक्स ९७० होती. एका खुल्या जगाच्या गेममध्ये बाजारपेठेच्या तोंडाशी उभा राहून मी हे तपासलं. भिंतीकडे तोंड केलं की दोन्ही कार्डं पूर्ण ताकदीने चालायची आणि फ्रेम्स भरपूर. माउस जेमतेम वीतभर सरकवून गर्दीकडे वळलो की चारही कोअर शंभराला टेकायचे आणि दोन्ही कार्डांचे आकडे एकदम निम्म्यावर. सावल्यांचा दर्जा अगदी तळाला नेला, काही फरक नाही. अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद केलं, तरी नाही. मग गर्दीची घनता एक पायरी उतरवली आणि फ्रेम्स लगेच वर आल्या, कार्डंही जागी झाली. त्या एका पायरीने मला जे शिकवलं ते कुठल्याही तुलनेच्या तक्त्याने शिकवलं नव्हतं.

म्हणजे प्रोसेसर न बदलताही काही सेटिंगने आराम मिळतो?

मिळतो. गर्दीची घनता, दृश्याचा पल्ला, वस्तूंच्या तपशिलाचं अंतर, भौतिकीचे परिणाम, आणि रे ट्रेसिंग असेल तर तेही, या सगळ्यांचं ओझं प्रोसेसरवर पडतं. सावल्यांचं थोडं वेगळं आहे: त्यांचा नुसता दर्जा बहुतांशी कार्डाच्या माथी, पण किती लांबवरच्या वस्तूंच्या सावल्या काढायच्या ते प्रोसेसरच्या. टेक्स्चर, अँटिअलायझिंग आणि रिझोल्यूशन कार्डांकडे. प्रोसेसर अडत असेल तर पहिली यादी उतरवा आणि दुसरी बिनधास्त चढवा, कार्डांना वाव आहेच. बहुतेक जण नेमकं उलट करतात, टेक्स्चर कमी करत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो. मग तो अडवतोय कसा?

तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी आहे. आठ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले तर टास्क मॅनेजर १२.५ टक्के दाखवतो, आणि गेमचा मुख्य थ्रेड मात्र घामाघूम झालेला असतो. त्यातही विंडोज एकाच थ्रेडचं काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळे एकही कोअर १०० टक्के दिसेलच असं नाही. म्हणून वरच्या चाचण्यांवर भरवसा ठेवा.

दोन्ही कार्डं ५०-६० टक्क्यांवर आहेत. दोषी प्रोसेसरच ना?

नेहमी नाही. एकाच कार्डाच्या यंत्रात कमी वापर दिसला की प्रोसेसरकडे बोट दाखवणं बहुधा बरोबर ठरतं. दोन कार्डांत आणखी एक संशयित असतो: गेम स्वतः. एएफआर चालायला आधीच्या फ्रेमवर पुढची फ्रेम अवलंबून नसावी लागते. २०१३-१४ नंतरच्या गेममध्ये टीएएसारखी (अँटिअलायझिंगचाच एक प्रकार) तंत्रं रुळली, जी मागच्या फ्रेमचा डेटा घेऊन नवी फ्रेम घडवतात. मागची फ्रेम तर दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत! ती तिथून आणेपर्यंत पहिलं कार्ड वाट पाहतं. आकडे हुबेहूब प्रोसेसर अडवत असल्यासारखे दिसतात.

फरक असा ओळखा. रिझोल्यूशन उतरवून फ्रेम्स वाढल्या, आणि तरी मूळ रिझोल्यूशनला दोन्ही कार्डं अर्धवट वापरात असतील, तर प्रोसेसर निर्दोष आहे. त्या गेमचं एसएलआय प्रोफाइल (दोन कार्डांसाठीची ड्रायव्हरमधली मांडणी) किंवा त्याचं इंजिन कमी पडतंय. हे न तपासता नवा प्रोसेसर आणून निराश झालेले लोक मी पाहिले आहेत, आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण ७२०पीच्या एका चाचणीने ते टळलं असतं.

आकडा ७० दाखवतो, तरी खेळ अडखळतो. का?

दोन वेगळी दुखणी इथे एकमेकांत मिसळतात.

पहिलं मायक्रोस्टटर. पाळीपाळीच्या पद्धतीत दोन फ्रेम्स लागोपाठ येतात, मग थोडी पोकळी, मग पुन्हा दोन. सेकंदाची सरासरी ७० भरते, डोळ्याला मात्र त्याहून कितीतरी कमी जाणवतं. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट हे फ्रेम मोजायचं साधन पुढे आणलं आणि हा दोष सगळ्यांना आलेखावर दिसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीने फ्रेम पेसिंगचा ड्रायव्हर दिला.

दुसरं, प्रोसेसरचे झटके. फ्रेमटाइमची रेषा सपाट चालते आणि मध्येच एखादा उंच काटा येतो: नवा भाग लोड झाला, स्फोट झाला, पाठीमागे अँटिव्हायरस जागा झाला. चार थ्रेडच्या प्रोसेसरवर असे काटे जास्त दिसतात, कारण उरलेलं काम ढकलायला मोकळा थ्रेडच नसतो.

आलेखात दातेरी करवतीसारखी सलग रेषा दिसली तर मायक्रोस्टटर, अधूनमधून एकटे काटे दिसले तर प्रोसेसर किंवा डिस्क. दोन्हींवर एक साधा उपाय बऱ्याच अंशी चालतो: रिव्हाट्यूनरमधून फ्रेम्सची मर्यादा अशा आकड्यावर बांधा जो तुमचं यंत्र नेहमीच गाठू शकतं. ७० ते ४५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ५० हाताला खूप बरं लागतं.

आणखी एक. एएफआरने फ्रेम्स वाढतात, पण एकेक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ कमी होत नाही. दोन कार्डांवर ६० फ्रेम्स मिळत असतील, तर एकेका कार्डाला एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांपर्यंत लागलेली असतात. माउस थोडा जड वाटतो तो यामुळेही.

पीसीआय एक्सप्रेसच्या लेन कमी पडतात का?

आय५-२५००केच्या पिढीत प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी पीसीआय एक्सप्रेस २.० च्या १६ लेन असतात. दोन कार्डं लावली की ८-८ अशी वाटणी होते, म्हणजे प्रत्येकाला सेकंदाला ४ जीबीचा रस्ता. त्या काळच्या कार्डांना ते फारसं जाणवत नाही. ही वाटणी पी६७, झेड६८ सारख्या चिपसेटवरच होते. साध्या बोर्डावर दुसरा लांब स्लॉट दिसायला तसाच असतो, पण आतून चिपसेटच्या चार लेनवर चालतो. एनव्हिडियाचं एसएलआय तिथे सुरूच होत नाही, क्रॉसफायर होतं पण रखडतं. एएमडीच्या २०१३ च्या आर९ २९०एक्सपासून दोन कार्डांना वरून जोडणारा ब्रिज गेला आणि कार्डांमधली देवाणघेवाण पीसीआय एक्सप्रेसवरूनच होऊ लागली, त्यामुळे अशा कार्डांना अरुंद स्लॉट जास्त बोचतो.

जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून गेम चालू असताना लेनची संख्या पाहा. कार्ड स्लॉटमध्ये नीट न बसल्यामुळे ८ ऐवजी १ लेनवर चाललेलंही आढळतं.

ओव्हरक्लॉक केल्याने किती फरक पडतो?

अडसर प्रोसेसरचा असेल तर जवळपास क्लॉकच्या प्रमाणात. २५००केचा मूळ क्लॉक ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोला ३.७. चांगल्या कूलरवर यातले बरेच नग ४.४-४.५ पर्यंत जायचे. टर्बोच्या हिशेबाने ती पाचव्या हिश्शाची वाढ झाली, म्हणजे ५५ च्या ६५ होऊ शकतात. फुकटात मिळणारी इतकी मोठी वाढ दुसरीकडे कुठे नाही.

पण त्याआधी तापमान बघा. दोन कार्डांच्या यंत्रात हे फार जण विसरतात: कार्डांची गरम हवा वर चढते आणि प्रोसेसरचा कूलर तीच हवा ओढतो. प्रोसेसर एकट्याने चाचणीत थंड राहतो आणि गेममध्ये अर्ध्या तासाने गरम होऊन स्वतःचा क्लॉक उतरवतो. माझ्या यंत्राचं एकदा हेच झालं होतं. प्रोसेसर म्हातारा झाला असं धरून मी नव्याच्या शोधात होतो, आणि कूलर काढला तर पंख्याखाली धुळीचा नमदा जमलेला, थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी. साफ केलं, पेस्ट नवी लावली, क्लॉक जागेवर आला. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या सॉफ्टवेअरमध्ये थ्रॉटलिंगची, म्हणजे गरम होऊन क्लॉक उतरवल्याची, नोंद दिसते, ती बघितल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

रॅमचा संबंध येतो का?

येतो. एकच रॅम काडी असेल तर रॅम एकाच वाटेने (सिंगल चॅनेल) चालते आणि प्रोसेसर आधीच अडत असताना त्याला आणखी मागे खेचते. जोडी लावा. डीडीआर३ मध्ये १३३३ वरून १८६६ किंवा २१३३ ला गेलं तर प्रोसेसर अडतोय अशा दृश्यांत फरक जाणवतो, कार्डं अडत असतील तिथे नाही. ८ जीबीवर नवे गेम कोंडतात, १६ असावी.

दोन ४ जीबी कार्डांची मेमरी ८ जीबी होते का?

नाही. एएफआरमध्ये दोन्ही कार्डं तोच डेटा आपापल्या मेमरीत ठेवतात, म्हणून हिशेब ४ जीबीचाच. नव्या गेममध्ये दोन कार्डं अडण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि त्याचा प्रोसेसरशी काही संबंध नाही.

बॉटलनेक टक्क्यांत सांगणाऱ्या वेबसाइटवर विश्वास ठेवावा का?

नको. गेम कुठला, दृश्य कुठलं, रिझोल्यूशन काय, फ्रेम्स किती हव्यात, हे न विचारता एकच टक्का देणाऱ्या उत्तराचा उपयोग नाही. दोन कार्डांचं त्यांना कळत तर मुळीच नाही.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कमी पडला तर तेही बॉटलनेकसारखंच दिसतं का?

सहसा तसं दिसत नाही. एसएमपीएस कमी पडला तर यंत्र भाराखाली बंद पडतं किंवा रिस्टार्ट होतं. जीटीएक्स ५८० सारखं एक कार्ड २४४ वॅटचं, दोन म्हणजे ४८८, त्यावर ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर. जुन्या एसएमपीएसकडून हे मागताना वयाचा विचार करा.

डायरेक्टएक्स १२ आणि त्याच जातीच्या व्हल्कनमुळे जुन्या प्रोसेसरला दिलासा मिळाला का?

प्रोसेसरला मिळाला, दोन कार्डांना नाही. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेल्या डायरेक्टएक्स १२ मध्ये ड्रॉ कॉलचा खर्च कमी झाला आणि हुकमांचं काम अनेक थ्रेडवर वाटता येऊ लागलं. एफएक्ससारख्या बहुकोअर प्रोसेसरांना याचा चांगला फायदा झाला. पण दोन कार्डांना काम वाटायची जबाबदारी ड्रायव्हरकडून निघून गेम बनवणाऱ्यांकडे गेली. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटीने तर दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डंही एकत्र चालवून दाखवली. फार थोड्यांनी तो मार्ग धरला.

मग आज एसएलआय किंवा क्रॉसफायरवर अवलंबून राहावं का?

जुन्या गेमसाठी जरूर. नव्यासाठी नाही. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १०६०ला एसएलआय दिलंच नाही. १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल देणंही थांबवलं. आरटीएक्स ३० मालिकेत जोड उरली ती फक्त ३०९० आणि तिच्या टीआय आवृत्तीला, ४० मालिकेत ती पूर्ण गेली. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेत क्रॉसफायर नव्हतंच. म्हणून २०२१ नंतरच्या एखाद्या गेममध्ये तुमचं दुसरं कार्ड शून्य टक्के दाखवत असेल, तर प्रोसेसरला बोल लावू नका.

प्रोसेसर बदलू, की दोन कार्डं काढून एक चांगलं घेऊ?

माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही खेळता ते गेम कुठले, यावर आधी बोट ठेवा.

गेम २०१५-१६ च्या आधीचे, दोन्ही कार्डं नीट चालणारे, आणि ७२०पीच्या चाचणीत प्रोसेसर अडताना दिसला, तर त्याच सॉकेटमधला वरचा प्रोसेसर वापरलेला मिळतोय का बघा. २५००केच्या जागी २०१२ चा आय७-३७७०के बसवला तर आठ थ्रेड मिळतात आणि बोर्ड साथ देत असेल तर पीसीआय एक्सप्रेस ३.० सुद्धा. जुन्या बोर्डावर आधी बायोस अपडेट करावा लागतो. मदरबोर्ड, रॅम काही हलवावं लागत नाही.

गेम नवे असतील तर दोन जुन्या कार्डांसाठी नवा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम घेऊ नका. आधी एक चांगलं कार्ड घ्या आणि जुन्याच प्रोसेसरवर लावा. मेमरी वाढते, मायक्रोस्टटर जातो, उष्णता बहुधा कमी होते आणि कार्ड पुढच्या यंत्रात तसंच नेता येतं. प्रोसेसर तोवर अडवेल, हे धरून चाला. रिझोल्यूशन वर ठेवून आणि फ्रेम्स बांधून तो काळ काढता येतो. जमेल तेव्हा पाया बदला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत, तेव्हा तो दिवस फार लांबवूही नका.

काढलेल्या दुसऱ्या कार्डाचं काय करू?

लगेच काढूच नका, एक प्रयोग करून बघा. लॉसलेस स्केलिंग नावाचं सॉफ्टवेअर एका कार्डावर गेम चालवून दुसऱ्या कार्डावर मधल्या फ्रेम्स तयार करू शकतं. यासाठी एसएलआय लागत नाही, कार्डं एकाच जातीची असावी लागत नाहीत. आणि मधल्या फ्रेम्ससाठी प्रोसेसरला गेमचं जग पुढे सरकवावं लागत नाही, म्हणून प्रोसेसर अडत असलेल्या यंत्रातही पडद्यावरची हालचाल गुळगुळीत होते. माउसचा प्रतिसाद मात्र मूळ फ्रेम्सच्याच वेगाचा राहतो, किंचित उशिराच. शर्यतीच्या, भटकंतीच्या गेमला छान, चुरशीच्या नेमबाजीला नको. मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला लावावी लागते, ते विसरलात तर फायदा दिसणार नाही.

ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं घडवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर दोन्ही कार्डं तशीच ठेवा. तिथे एकेका फ्रेममागे मिनिटं जातात, प्रोसेसर क्वचितच आड येतो आणि दुसरं कार्ड आपला पूर्ण मोबदला देतं.